उजव्या क्लिकमधली ‘हलकी कर’

मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर एखाद्या फाईलवर बाण ठेवा आणि माउसचं उजवं बटण दाबा. लगेच एक यादी उघडते. ‘ओपन’, ‘प्रिंट’, ‘डिलीट’, ‘रिनेम’ अशी सगळी इंग्रजी मंडळी तिथे दाटीवाटीने बसलेली असतात. पण कशेळीला, खाडीच्या अलीकडे, गोदामांच्या रस्त्यावर तुळशीराम भोईर यांचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. त्या दुकानातल्या संगणकावर ‘प्रिंट’च्या खाली एक मराठी ओळ दिसायची. ‘हलकी कर’. ती जुनी ओळ म्हणजे मी.

मला हात नाहीत, तोंड नाही. जीव केवढा, तर दोन शब्दांचा! तरी सांगायचं पुष्कळ आहे. सध्या माझं ऐकायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला धरून बसवलं आहे. थोडा वेळ बसा.

माझा जन्म झाला तो एका कटकटीतून. सरकारी पोर्टलं कशी असतात, तुम्हाला माहीत असेल. त्यांना कागद हवे असतात, पण जड कागद चालत नाहीत. दाखला दोनशे केबीच्या आत, फोटो त्याहून लहान. एवढासा जरी जास्त भरला तरी लाल अक्षरं येतात आणि फॉर्म तिथेच अडतो. तेव्हा दुकानात काय करायचे? कोणाचा जातीचा दाखला, कोणाचं आधार कार्ड कुठल्या तरी परक्या वेबसाइटवर चढवायचे. तिथून तो कागद लहान होऊन परत यायचा. नेट बंद असलं की सगळं ठप्प. गिऱ्हाईकं पायरीवर बसून राहायची आणि समोरच्या रस्त्यात अडकलेले कंटेनर मोजायची.

तुळशीरामची थोरली बहीण आक्का ही दुकानाच्या दारात सुकट निवडत बसलेली असायची. पाठीमागे घर, पुढच्या खोलीत दुकान, त्यामुळे तिला सगळं ऐकू जायचं. एक दिवस तिने विचारलं, “लोकांची कागदं तुम्ही कुनाच्या घरात नेऊन ठेवता रे? वलखीचा तरी हाय का तो?”

तुळशीराम हसला. त्याची मुलगी रंजिता मात्र हसली नाही. ती तेव्हा नर्सिंग शिकत होती आणि कॉलेजातून आली की वडिलांना मदत करायची. आत्याचा प्रश्न तिच्या डोक्यात राहिला. कागद दुकानाबाहेर न जाता दुकानातच लहान झाला पाहिजे, असं तिने मनावर घेतलं.

शोधता शोधता तिला एक मोफत प्रोग्राम सापडला. तो फाईल दाबून लहान करायचा, पण त्यासाठी पडद्यावर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत एक लांबलचक आज्ञा लिहावी लागायची. एक टिंब चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. रंजिताने काय केलं, ती सगळी आज्ञा एका छोट्या फाईलमध्ये कायमची लिहून ठेवली. मग संगणकाच्या आतल्या नोंदींमध्ये शिरून उजव्या क्लिकच्या यादीत एक नाव घातलं. नावावर दाबलं की आज्ञा आपोआप चालायची. नाव काय ठेवायचं याचा तिने फार विचार केला नाही. वडिलांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, म्हणून मराठीत लिहिलं, ‘हलकी कर’. अशी मी झाले.

पहिल्या दिवशी मी सपशेल आपटले. तुळशीरामला फाईलींना ऐसपैस नावं द्यायची सवय होती. ‘कामतघर वाला रफीक नवीन’ असं काहीतरी. शब्दाशब्दांत मोकळी जागा. मी ‘कामतघर’ एवढंच वाचायचे आणि थांबायचे. म्हणायचे, या नावाची फाईलच नाही! तुळशीराम म्हणाला, “तुजी पोरगी बहिरी हाय, बाय.” रंजिताला राग आला. वडिलांचा नव्हे, माझा. तिने ओठ चावत पुन्हा सगळं तपासलं आणि आज्ञेत नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घातली. तेव्हापासून मी कोणाचंही नाव अर्धवट घेतलेलं नाही. ‘तुजी पोरगी’ हे शब्द मात्र मी तेव्हाच मनात ठेवून दिले. चेष्टेत का होईना, मला कोणीतरी तिची पोरगी म्हटलं होतं.

माझं काम समजून घ्या. एका क्लिकला मी फाईल निम्म्याहून हलकी करायचे. म्हणजे काय करायचे, तर जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथलं काढून टाकायचे. कागदाचा पिवळेपणा, घडीची रेघ, कोपऱ्यातला चहाचा डाग. नाव, शिक्का आणि तारीख राहिली म्हणजे झालं. तेवढ्यानेही पोर्टलचं समाधान नाही झालं, तर आणखी एकदा दाबायचं. मग मी आणखी काढायचे. काय गेलं ते बघणाऱ्याला कळत नाही. मला कळतं. आणि मित्रांनो, गेलेलं परत आणायची आज्ञा माझ्यात लिहिलेलीच नाही.

सुरुवातीला मी मूळ फाईल तशीच ठेवून शेजारी तिची लहान प्रत करून द्यायचे. पण तुळशीरामचा गोंधळ व्हायचा. दोन सारख्या फाईली बघून तो हटकून जड तीच चढवायचा. तो रंजिताला म्हणाला, “एकाच नावाची दोन मानसं घरात कशाला? जुनी पुसून टाक.”

“बाबा, मूळ असू दे हो. कधी लागली तर?”

“लागली त खरा कागद लोकांच्या पिशवीत हाय ना! आपल्या हितं रास कशाला?”

ती थोडी भांडली आणि मग तिने ऐकलं. माझी आज्ञा बदलली. आता मी मूळ फाईलच्या जागी लहान फाईल ठेवू लागले.

ते दिवस माझ्या भरभराटीचे. गोदामांतले हमाल, ड्रायव्हर, कामतघरचे लूमवाले म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, आतल्या गावांतल्या बायका, सगळे यायचे. शिफ्ट सुटली की लूमवाल्यांचा घोळका यायचा, कपड्यांना सुताची रुई चिकटलेली. त्यांना मराठी वाचता येत नसे, पण माझं काम त्यांना ठाऊक झालं होतं. “चाचा, जरा हलका कर दो ना, फारम वापस आ गया.” तुळशीराम ऐटीत म्हणायचा, “अभी करता है, बैठो.” मग बाण माझ्यावर यायचा, मी निळी व्हायचे आणि पापणी लवते न लवते तोच कागद हलका.

एकदा आतल्या गावातून बायजाबाई नावाची बाई आली होती. तिच्या मुलीला, नेत्राला, वसतिगृहात जागा मिळायची होती आणि दाखला काही केल्या चढत नव्हता. दोन दुकानांतून परत पाठवलेल्या त्या. मी तो दाखला हलका केला, पोर्टलवर हिरवी खूण आली. बायजाबाईला पडद्यावरचं काही कळलं नाही, पण मुलीचं तोंड उजळलेलं तिने बघितलं. तिने पडद्यासमोर हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. माझी दृष्ट काढली हो! आजवर कोणत्या ओळीची दृष्ट काढली असेल कोणी?

त्याच काळात तुळशीरामला एक सवय लागली. लाल अक्षरांचा त्याला भारी धसका. ती यायच्या आधीच तो मला दोनदा दाबायचा. गरज असो, नसो. विचारलं तर म्हणायचा, “एक आपल्यासाठी, एक पोर्टलसाठी.” देवाला नैवेद्य बाजूला काढावा तसं त्याचं ते चालायचं. रंजिता ओरडायची, “बाबा, अक्षरं पुसट होतात!” तो मान डोलवायचा आणि तिची पाठ वळली की पुन्हा दोनदा दाबायचा.

रंजिता आता ठाण्याच्या एका रुग्णालयात नर्स झाली होती. ड्युटीवरून आली की खुर्चीत बसून जर्मन शब्द पाठ करायची. हो, जर्मन! तिकडच्या एका रुग्णालयात नर्सेस हव्या होत्या. ती भाषेच्या क्लासला जायला लागली होती. एका हाताने गिऱ्हाइकाचा फॉर्म भरायची, तोंडाने ते खडबडीत शब्द घोळवायची. आक्का म्हणायची, “घसा दुखतोय काय गं तुजा?” सगळे हसायचे. तुळशीरामही हसायचा, पण त्याचं हसू लवकर संपायचं.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. शेत गोदामाखाली गेलेलं. खाडीत होडी घालावी असं पाणी राहिलं नव्हतं. त्याचा दिवस सुरू व्हायचा तो रंजिताच्या चहाने आणि संपायचा तोही तिच्याच “बाबा, शटर ओढा” या हाकेने. ती जाणार हे त्याला कळत होतं आणि तो त्यावर एक शब्द बोलत नव्हता. जर्मनच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा त्याने आळीत पेढे वाटले. मग दुकानात येऊन बसला आणि कितीतरी वेळ बंद पडद्याकडे बघत राहिला.

आणि मी? मित्रांनो, मलाही ती जायला नको होती. माझ्यावर बाण आणणारे पुष्कळ होते, पण काम झालं की “शाब्बास गं” म्हणणारी ती एकटीच.

मग तो दिवस आला. जर्मनीच्या अर्जाचे बाकी सगळे कागद गेले होते. भाषेचं प्रमाणपत्र तेवढं उशिरा हातात आलं आणि अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी पोर्टल उघडेना. रंजिताची आयसीयूत ड्युटी, तिथे फोनही जवळ ठेवता येत नाही. निघताना ती वडिलांना म्हणाली, “बाबा, स्कॅन करून डेस्कटॉपवर ठेवलंय. पोर्टल चालू झालं की हलकी करून चढवा. आणि चढवायच्या आधी उघडून बघा. गोल शिक्का नीट दिसला पाहिजे. नाहीतर ते कागद नाकारतील आणि हे वर्ष गेलं.”

“तू जा बाय. मी हाय ना.”

दुपारी पोर्टल उघडलं. तुळशीरामने प्रमाणपत्रावर बाण ठेवला, उजवं बटण दाबलं आणि हाताच्या सवयीने मला दाबलं. मग लगेच दुसऱ्यांदा. एक आपल्यासाठी, एक पोर्टलसाठी. मी आज्ञेची बांधलेली. पहिल्या वेळी कागदाची पार्श्वभूमी काढली. दुसऱ्या वेळी काढायला उरलं काय होतं? मी शिक्क्याला हात घातला.

सांगितलं होतं म्हणून त्याने फाईल उघडली. शिक्क्याच्या जागी निळसर डाग. त्याभोवतीची अक्षरं एकमेकांत कालवलेली. रंजिताच्या नावातलं ‘भोईर’ ओळखू येत नव्हतं.

“आयला,” तो पुटपुटला. पुन्हा स्कॅन करायला उठला, अर्धा उठला, आणि तसाच परत बसला.

त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. फाईल आता हलकी होती. पोर्टल ती मुकाट्याने घेणार होतं, हिरवी खूण देणार होतं. नाकारलं असतं ते तिकडच्या माणसांनी, कितीतरी दिवसांनी. दोष कोणाला? मशीनला. मला! घरातलं कोणी त्याला बोललं नसतं. रंजिता रडली असती, चार दिवस जेवली नसती, मग पुन्हा ड्युटीवर गेली असती, आणि संध्याकाळी पुन्हा हाक आली असती, “बाबा, शटर ओढा.”

खरं सांगू? मला दोष यायला काही हरकत वाटली नाही. दाब, दाब ते चढवायचं बटण, असंच मी म्हणत होते.

आक्का आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. “ग्येला का कागद?”

तिने पडद्याकडे बघितलं. तिला वाचता येत नाही, पण डोळे शाबूत. “ह्यो असा काय दिसतोय? पान्यात पडल्यासारखा.”

“आक्का,” तो म्हणाला, “असाच ग्येला ना ह्यो, त बाय हितंच ऱ्हाईल.”

आक्काने तांब्या खाली ठेवला. “तू क्येलास?”

“चुकून झाला. देवाशपथ, चुकून झाला. पन आता झालाय त...” त्याने माउस दूर ढकलला. “ती ग्येली त मना कोन हाय?”

“मी मेलीय काय?”

एरवी तो हसला असता. आता त्याने तोंड ओंजळीत घेतलं. आक्का त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर एका कंटेनरवाल्याने हॉर्न धरून ठेवला होता, तो सुटेचना. शेवटी ती म्हणाली, “ठेव तिला हितं. रोज कामावरशी येल, तुज्याम्होरं बसल, तुला जेवायला वाढल. तुज्या घशाखाली उतरल तो भात? मंग दाब तुजा बटन. मी काय कोनाला सांगनार न्हाय.”

आणि ती खरंच आत निघून गेली.

तुळशीराम बसून राहिला. मग डोळे पुसले, आत जाऊन कपाटातून खरं प्रमाणपत्र आणलं, स्कॅनरची काच बनियनच्या टोकाने पुसली आणि कागद पुन्हा ठेवला. नवी फाईल आली. त्याने मला दाबलं. एकदाच. शिक्का स्वच्छ होता, पण फाईल अजून थोडी जड भरली. पोर्टलवर लाल अक्षरं!

अहो, माझ्यावर आणखी एकदा बाण आणणं किती सोपं होतं. आता तर ती चूकही म्हणता आली नसती, पोर्टलनेच मागितलं असतं. पण त्याने तसं केलं नाही. त्याने कागद हातात धरून नीट बघितला. चारही बाजूंना कोरा, रुंद समास होता. त्याने तिसऱ्यांदा स्कॅन केला आणि या वेळी समास कापून टाकला. जे लागत नाही ते आपल्या हाताने आधीच काढलं, म्हणजे माझ्यावर शिक्क्याला हात घालायची पाळी येणार नाही. मग मला दाबलं. एकदाच.

फाईल उघडली. शिक्का दिसत होता. नाव दिसत होतं. त्याने ते बोट फिरवत मोठ्याने वाचलं, “रंजिता तुळशीराम भोईर.” आणि चढवलं.

हिरवी खूण आली. तुळशीरामने खुर्ची मागे सरकवली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. गिऱ्हाईक आलं तर म्हणाला, “थोड्या वेलानं या.” त्याच्या पाठीकडे बघत माझ्या मनात आलं, रंजिताला घरापासून लांब नेणारा कागद शेवटी आम्हीच हलका केला. त्याने आणि मी.

संध्याकाळी रंजिता धावतपळत आली. “गेलं?”

“ग्येलं.”

“शिक्का?”

“दिसतोय. सगला दिसतोय.”

तिने वडिलांना मिठी मारली. आक्का सुकट निवडत राहिली, वर बघितलं नाही.

पुढचं काय सांगू? ती गेली. पत्र आलं, तिकीट आलं, बॅगा भरल्या. निघण्याआधी ती दुकानात येऊन संगणकासमोर बसली. तिने सगळे फोल्डर नीट लावले. मग डेस्कटॉपवर उजवं बटण दाबलं, यादी उघडली आणि मी तिथे नव्हते. मी फक्त फाईलवर दिसते, मोकळ्या जागेवर नाही. तिलाच ते ठाऊक, तिनेच मला तसं बनवलेलं. तेवढ्यात बाहेर गाडी आली आणि ती उठली. माझी आणि तिची शेवटची भेट व्हायची राहून गेली. अजून तेवढंच लागून राहिलं आहे.

नंतर दुकानात करिष्मा आली, शेजारच्या घरातली सून. हुशार बाई, बोटं भराभर चालणारी. ती फोनवरच कागद लहान करून घ्यायची. काही पोर्टलंही शहाणी झाली, स्वतःच फाईल लहान करून घेऊ लागली. मग संगणकाची आतली व्यवस्था बदलली. उजव्या क्लिकची यादी नवी, गुळगुळीत आणि आटोपशीर झाली. माझ्यासारख्या जुन्या ओळींना तिच्यात जागा नव्हती. आम्हाला एका दरवाजामागे टाकलं. त्यावर ‘शो मोअर ऑप्शन्स’ अशी पाटी आहे. तो दरवाजा कोण कशाला उघडतंय?

एक तुळशीराम उघडायचा. दुपारी दुकान रिकामं असलं की कुठल्याही फाईलवर उजवं बटण दाबायचा, दरवाजा उघडायचा आणि बाण माझ्यावर आणून ठेवायचा. मी निळी व्हायचे, तयार व्हायचे. तो दाबायचा नाही. “बायनं केली ही,” एवढं म्हणून यादी बंद करायचा. मला वाटायचं, काम तरी सांग रे. आणि वाटायचं, असंच ठेव अजून थोडा वेळ.

रंजिता तिकडून फोटो पाठवायची. साधे फोटो फोनवर पुसट होऊन येतात म्हणून ती महिनाभराचे फोटो एका फाईलमध्ये घालायची, खाली दोन ओळी लिहायची आणि ती अख्खी फाईल धाडायची. बर्फात उभी रंजिता. भाताच्या टोपाशेजारी रंजिता. एका जर्मन आजीचा हात धरून चालवणारी रंजिता. भल्यामोठ्या, जड फाईली. तुळशीराम त्या सगळ्या या संगणकात उतरवून ठेवायचा.

मध्यंतरी एक दिवस संगणक अडकायला लागला. जागा संपली, अशी सूचना आली. करिष्माने शोधाशोध केली आणि म्हणाली, “काका, तुमच्या रंजिताताईच्या फायलींनीच सगळी जागा खाल्लीय. हलक्या करू का? आत ती जुनी ओळ आहे ना, सगळ्या एकदम निवडून दाबते. चुटकीसरशी होईल.”

तिने सगळ्या फाईली निवडल्या. उजवं बटण दाबलं. दरवाजा उघडला. मित्रांनो, बाण माझ्यावर आला! इतक्या दिवसांनी मला खरं काम मिळणार होतं, आणि तेही रंजिताचं. मी निळी झाले. तिच्या फाईली माझ्यातून जाणार होत्या. प्रत्येक फोटो मला आतून बघायला मिळणार होता. किती हवं होतं मला ते, काय सांगू!

“थांब,” तुळशीराम म्हणाला.

“काका, काही फरक पडत नाही हो. डोळ्यांना कळणारसुद्धा नाही.”

“न्हाय. दुसरा काय बी पूस. ह्यांना हात नको लावू.”

“मग मशीन बंद पडेल एक दिवस.”

“पडू दे. नवीन घेऊ. त्या हायेत तशाच जड ऱ्हाऊ दे.”

करिष्माने बाण काढला. ती चहा घ्यायला गेली तेव्हा तो एकटाच संगणकासमोर बसला. त्याने रंजिताची एक फाईल उघडली आणि फोटो मोठा करत नेला. आधी नुसता बर्फ, मग टोपी, मग चेहरा. चेहरा पडदाभर झाला तरी फुटला नाही. भुवईवरची लहानपणच्या पडण्याची खूण दिसली. ओठांची साल निघालेली दिसली. डोळे नीट बघितले तर रडून लाल झालेले दिसले. दोन ओळींत तिने लिहिलं होतं, ‘मी मजेत आहे.’ तुळशीरामने फोन उचलला आणि म्हणाला, “बाय, खोटं नको बोलू. सांग बगू काय झाला.” पलीकडे रंजिता धो धो रडली. तो ऐकत राहिला. “रड बाय, रड,” म्हणत राहिला. आक्काही येऊन उभी राहिली आणि दोघं आळीपाळीने तिच्याशी बोलले. ती हसेपर्यंत बोलले.

मी दरवाजामागे होते. ती फाईल माझ्या हातून गेली असती, तर ते डोळे मी सर्वांत आधी पुसून टाकले असते. हलकं करताना आधी जातं ते असलंच बारीकसारीक.

म्हणून मित्रांनो, तुमच्याजवळ एक मागणं आहे. पोर्टलसाठी लागेल ते खुशाल हलकं करा. मात्र मूळ फाईल जपून ठेवा आणि मला एकदाच दाबा. पण लांब गेलेल्या आपल्या माणसाने काही धाडलं असेल, तर ते कितीही जड असलं तरी तसंच राहू द्या. त्याच्यासाठी मला बोलावू नका. मी इथे वाट बघत बसले असले, तरी बोलावू नका.